दोन शाळांमधील एकच मूल

सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेले नातेपुते हे गाव पालखीच्या वाटेवरील मुक्काम म्हणून उभ्या महाराष्ट्राला परिचित आहे. नातेपुत्यासारख्या बाजाराच्या गावांत मुलाणी, तांबोळी, बागवान, आतार, शिकलगार अशी मुसलमान घरे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. त्यांची मुले बहुधा घरात दखनी बोलतात आणि घराबाहेर मराठी. या घरांतील मुलाच्या दिनक्रमाकडे पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ते दररोज दोन शाळांत जाते. सकाळी किंवा सायंकाळी मशिदीतील मकतबात बसून ते अरबी अक्षरे घोकते. दिवसा मराठी शाळेच्या बाकावर बसून बेरजा-वजाबाक्या शिकते. एकाच मुलाला दोन गुरू असतात, आणि बहुतेक ठिकाणी या दोन गुरूंनी एकमेकांशी कधी चार शब्दही बोललेले नसतात.

इस्लामी शिक्षणासंबंधी आपल्याकडे जेव्हा जेव्हा चर्चा निघते, तेव्हा ती अभ्यासक्रम, अनुदान आणि नोंदणी या तीन खुंट्यांभोवती फिरते. जुलै २०१५ मध्ये, गणित, विज्ञान, इंग्रजी यांसारखे औपचारिक विषय न शिकवणाऱ्या धार्मिक संस्थांतील मुलांना शाळाबाह्य समजावे, अशी भूमिका महाराष्ट्र शासनाने घेतली, तेव्हा असाच गदारोळ उठला. ऑक्टोबर २०२४ मध्ये डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेखालील डी.एड. शिक्षकांचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांचे ८ हजारांवरून १८ हजार रुपये करण्यात आले, तेव्हाही बाजूने व विरुद्ध पुष्कळ लिहिले-बोलले गेले. ही चर्चा निरर्थक होती असे नाही. परंतु शाळा कोण चालवतो, कोणत्या वृत्तीने चालवतो आणि कोणाला विचारून चालवतो, हा प्रश्न तीत क्वचितच विचारला गेला. वस्तुतः शाळेचे बरेवाईट याच प्रश्नावर अवलंबून असते.

मदरसा आणि मकतब

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुसलमान मुले म्हणजे मदरशातील मुले, असे समीकरण अनेक सुशिक्षितांच्या मनात पक्के बसलेले आहे. न्या. राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००६ मध्ये आपला अहवाल सादर केला. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी पूर्ण वेळ मदरशात शिकणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३ टक्क्यांच्या आसपास असल्याचे तिने दाखवून दिले. मदरसा आणि मकतब यांत लोक घोटाळा करतात, हेही समितीने स्पष्ट केले. मदरसा हे बहुधा निवासी व पूर्ण वेळेचे विद्यालय. तर मकतब म्हणजे मशिदीला लागून भरणारा तास-दोन तासांचा वर्ग. मकतबात जाणारे मूल नेहमीच्या शाळेतही जात असते.

मकतबाची गरज का भासते, याचे उत्तर आपल्या राज्यघटनेतच आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे अनुच्छेद २८ सांगतो. हे योग्यच आहे. मग ज्या पालकांना आपल्या मुलाला नमाज, कुराणपठण आणि धर्माचार शिकवावयाचा आहे, त्यांनी तो शाळेच्या वेळेबाहेर, स्वखर्चाने शिकवावा, हा क्रम ओघानेच येतो. तेव्हा नातेपुत्याच्या दृष्टीने खरा प्रश्न ‘मदरसा की शाळा’ असा नसून, एका मुलाच्या दिवसात शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन शाळांमधील अबोला कसा मोडावा, हा आहे.

हा अबोला इस्लामच्या शिकवणुकीतूनच आला, अशी समजूत मशिदीच्या आतही आढळते आणि बाहेरही. ‘दीन’ वेगळा, ‘दुनिया’ वेगळी, असे मानून आतले लोक गणित-विज्ञानाला दुय्यम लेखतात. बाहेरचे लोक मकतबाला कालबाह्य ठरवून मोकळे होतात. म्हणून या परंपरेतील थोर शिक्षणचिंतकांनी ज्ञानासंबंधी मुळात काय म्हटले आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

ज्ञान अखंड आहे

पैगंबरांना झालेल्या पहिल्या साक्षात्काराचा पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’ हा होता आणि त्याच वचनांत लेखणीचाही उल्लेख आहे, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. बद्रच्या लढाईत कैद झालेल्या आणि लिहिता-वाचता येणाऱ्या मक्केकरांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना साक्षर करावे आणि सुटून जावे, अशी अट घातली गेल्याचेही परंपरा सांगते. हे कैदी मुसलमान नव्हते. गुरू परधर्माचा, किंबहुना कालपर्यंतचा शत्रू असला तरी अक्षरज्ञान त्याच्याकडून घ्यावे, असा या कथेचा आशय आहे. तो आजच्या अनेक संस्थाचालकांनी मनन करण्याजोगा आहे.

शिक्षणासाठी अरबी परंपरेत तीन शब्द येतात : तालीम, तरबियत आणि अदब. तालीम म्हणजे ज्ञान देणे, तरबियत म्हणजे वाढवणे-जोपासणे आणि अदब म्हणजे प्रत्येक गोष्टीला तिचे योग्य स्थान देणारी शिस्त. मराठी माणसाला हे शब्द परके नाहीत. आपल्या गावोगावच्या ‘तालमी’त ‘वस्ताद’ पोरांना केवळ डावपेच शिकवत नसे. खाणेपिणे, निजणे-उठणे, बोलणेचालणे यांवरही त्याची नजर असे. मातीत उतरण्यापूर्वी मातीला नमस्कार करावयास लावणारा तो वस्ताद या तिन्ही शब्दांचा अर्थ आचरणाने सांगत होता.

या विचाराला शास्त्रीय रूप देणाऱ्यांत अल् गझाली (१०५८–११११) यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी ज्ञानाची विभागणी केली ती दीन आणि दुनिया अशी नव्हे, तर प्रत्येकाचे वैयक्तिक कर्तव्य असलेले ज्ञान आणि साऱ्या समाजाचे सामुदायिक कर्तव्य असलेले ज्ञान, अशी. वैद्यक आणि गणित यांना त्यांनी दुसऱ्या वर्गात घातले. समाजातील कोणीच ती विद्या शिकला नाही, तर दोष साऱ्या समाजाला लागतो, असे हे कर्तव्य आहे. आपल्या काळातील अनेक नगरांत मुसलमान वैद्य मिळत नाही आणि तरीही जो तो मानाच्या व अधिकाराच्या आशेने धर्मशास्त्रातील वादविवादाकडेच धावतो, अशी तक्रार त्यांनी सुमारे नऊशे वर्षांपूर्वी केली आहे. शिक्षकाच्या कर्तव्यांत त्यांनी आणखी एक कलम घातले : आपला विषय शिकवताना दुसऱ्या विषयांची विद्यार्थ्यापुढे हेटाळणी करू नये. हे एक कलम जरी मकतबातील मौलवी आणि शाळेतील गुरुजी या दोघांनी पाळले, तरी अर्धे काम झाले.

उत्तर आफ्रिकेतील थोर इतिहासकार इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी १३७७ मध्ये सिद्ध केलेल्या आपल्या ‘मुकद्दिमा’ ग्रंथात बालशिक्षणाची मीमांसा केली आहे. छडीच्या धाकात वाढलेले मूल खोटे बोलू लागते, त्याचे मन आक्रसते आणि ढोंग त्याच्या अंगवळणी पडते, असे त्यांनी बजावले. अर्थ न कळता कुराण घोकण्यापूर्वी मुलांना भाषा आणि गणित शिकवावे, हे अंदलुसच्या एका काझींचे मत त्यांनी कौतुकाने नोंदवले. रूढी तसे होऊ देत नाही, अशी पुस्तीही जोडली. ही पुस्ती आज साडेसहाशे वर्षांनीही खोटी ठरलेली नाही, हेच दुर्दैव.

वाटा कोठे फुटल्या

परंपरा अशी व्यापक असता ही दुफळी आली कोठून? दक्षिणेपुरते बोलावयाचे, तर तिची खूण आजही उभी आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ च्या सुमारास बीदरला भव्य मदरसा उभारला. विद्वान अध्यापक, विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय आणि सुमारे ३ हजार ग्रंथांचा संग्रह यांसाठी तो नावाजला होता. १४८१ मध्ये दरबारी कारस्थानातून खुद्द गवानाचा शिरच्छेद झाला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस एका स्फोटाने वास्तूचा मोठा भाग कोसळला. राजाश्रयावर उभी असलेली विद्या राजाश्रयाबरोबरच ओसरते, असा हा धडा आहे. खेड्यापाड्यांत तर मुलाणा हा काही याद्यांप्रमाणे गावगाड्यातील एक वतनदार होता. मशिदीची देखभाल आणि धार्मिक विधी ही त्याची कामे. वतन बापाकडून मुलाकडे जाई. त्याबरोबर विद्याही जाईलच, असा भरवसा नसे.

१८५७ नंतर उत्तरेत दोन वाटा फुटल्या. १८६६ मध्ये देवबंदचे दारुल उलूम निघाले आणि १८७५ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी अलिगढला इंग्रजी विद्येची संस्था काढली. एकाने दीन सांभाळला, दुसऱ्याने दुनिया. आणि गझालींची अखंड विद्या दुभंगली. मुंबईत मात्र बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करून आधुनिक शिक्षणाला संस्थेचे बळ दिले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसली. दुभंग सांधण्याचा प्रयत्न मराठी मुलखाला नवा नाही, हे यावरून दिसेल.

संस्थाप्रमुख हा विश्वस्त

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इस्लामी विचारात संस्थेचे प्रमुखपद ही मालमत्ता नसून ‘अमानत’, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. ज्याच्याकडे अधिकार त्याला मेंढपाळाची उपमा देणारे आणि कळपाबद्दल त्याला जाब द्यावा लागेल असे सांगणारे पैगंबरवचन सर्वश्रुत आहे. माळशिरस तालुक्याच्या माळरानावरील धनगराला ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. संध्याकाळी मेंढरे मोजूनच तो वाघूर लावतो. मुख्याध्यापकाचे काम यापेक्षा निराळे काय आहे? किती मुले आली नाहीत, आणि का आली नाहीत, हे ज्याला ठाऊक नाही तो कार्यालय चालवत असेल, शाळा चालवत नसतो.

अमानतीला जोडून येते ती ‘शूरा’, म्हणजे सल्लामसलत. कुराणाच्या ४२ व्या अध्यायाचे नावच ‘शूरा’ आहे. देवबंदचे एक संस्थापक मौलाना कासिम नानोतवी यांनी संस्थेसाठी आठ तत्त्वे घालून दिली. सल्लागारांनी आपल्याच मताचा हट्ट धरू नये, प्रमुखाने महत्त्वाच्या बाबतींत सल्ला घेतल्यावाचून पाऊल टाकू नये, अध्यापकांनी एकमेकांना कमी लेखू नये, आणि सरकार व धनिक यांच्या आश्रयापेक्षा नावाची हाव नसलेल्या सामान्यांच्या वर्गणीवर अधिक विसंबावे, असा त्यांतील काही तत्त्वांचा सारांश आहे. संस्थाचालकांच्या एखाद्या प्रशिक्षणवर्गात आजही शिकवावीत अशी ही तत्त्वे आहेत.

पालखीच्या वाटेवरील वाचकांना हे तत्त्व दुसऱ्या रूपात ठाऊक आहे. मुक्कामी पोहोचल्यावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याजवळ जातो, गाऱ्हाणे ऐकतो, मार्ग काढतो आणि मगच सर्वत्र शांतता होते. एवढ्या अफाट समाजात सर्वांत दुबळ्या दिंडीलाही आपला टाळ वाजता ठेवण्याचा अधिकार आहे. जिथे असा टाळ ऐकला जातो, तिथेच प्रमुखाच्या दंडाला मान मिळतो. शूरा म्हणजे तरी याहून वेगळे काय?

तथापि तत्त्व उत्तम असले तरी माणसे ते कसे राबवतात, यावर सारे अवलंबून असते. आपल्याच राज्यातील उदाहरण घ्या. गुजरातमधील वस्तान गावचे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा या आदिवासी भागातील गावी जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही संस्था सुरू केली. धार्मिक शिक्षणाच्या जोडीला तेथे अध्यापनशास्त्र, औषधनिर्माण, अभियांत्रिकी यांचे शिक्षण आले. पुढे जालना जिल्ह्यात बदनापूर येथे वैद्यकीय महाविद्यालयही उभे राहिले. मुसलमान वैद्य नाही म्हणून हळहळणाऱ्या गझालींना हे दृश्य आवडले असते. जानेवारी २०११ मध्ये याच वस्तानवींची देवबंदच्या प्रमुखपदी निवड झाली. गुजरातमधील मुसलमानांच्या स्थितीविषयीच्या त्यांच्या विधानांवरून वादळ उठले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये देवबंदच्या शूरेने त्यांना पदावरून दूर केले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वादात कोणाची बाजू खरी, हा या लेखाचा विषय नाही. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, संस्था उभारण्यास एका माणसाची जिद्द पुरते. ती बदलण्यास मात्र अनेकांची संमती लागते, आणि ही संमती मिळवणे हे नेतृत्वाचे सर्वांत अवघड अंग आहे.

दुसरा आदर्श डॉ. झाकीर हुसेन यांचा. १९२६ पासून १९४८ पर्यंत ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते. संस्था मोडकळीस आली तेव्हा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दरमहा १५० रुपयांहून अधिक वेतन न घेता वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले. १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींनी बोलावलेल्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीमचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. साऱ्या देशाच्या मुलांसाठी, हाताला काम आणि मनाला विचार देणारी शिक्षणयोजना एका मुसलमान शिक्षकाने विदर्भाच्या भूमीत आखून दिली. आपल्या धर्मपरंपरेत रुजलेला गुरू सर्वांचा गुरू होऊ शकतो, याला आणखी पुरावा कशाला हवा?

नातेपुत्यात काय करता येईल

हे सारे पाहिल्यावर, नातेपुत्यासारख्या गावात यातले काय उतरवता येईल, असा प्रश्न वाचक विचारील. तो रास्त आहे. यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. शाळेचे मुख्याध्यापक आणि मशिदीचे मौलवी यांनी महिन्यातून एकदा भेटावे आणि दोघांच्या हजेरीपटांवर असलेल्या मुलांविषयी बोलावे. कोणते मूल दोन्हीकडे गैरहजर आहे, कोणाला वाचता येत नाही, कोणती मुलगी सातवीनंतर घरी बसवली जाणार आहे, हे दोघांना मिळून जे कळेल ते एकट्याला कळणार नाही. सातवीच्या मुलीची शाळा सुटू नये म्हणून मुख्याध्यापकाने दहा वेळा सांगितलेले जे पालक ऐकत नाहीत, ते मौलवींनी एकदा सांगितले तर ऐकतील.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नयेत, असे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले आहे. मकतब आणि शाळा यांच्या वेळा परस्परांना सोयीच्या ठरवणे त्यामुळे सोपे व्हावे. परीक्षेच्या आठवड्यात मकतबाने तास कमी करावेत. मुलांना जे पाठ करावयास लावले जाते, त्याचा अर्थ त्यांना समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीतही सांगावा. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतून छडी हद्दपार केली. २०१२ च्या दुरुस्तीने हा कायदा मदरशांना लागू होत नाही. परंतु इब्न खल्दूनचा इशारा तर तेथे लागू होतोच. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. ही शूराच आहे. मग मकतबाच्या कारभारात मुलांच्या आयांना आणि गावातील एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकाला स्थान देण्यास कोणती आडकाठी आहे?

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करून परंपरेची कठोर चिकित्सा आरंभिली. त्या विचाराचे लोक म्हणतील की, धर्मशिक्षणाशी हातमिळवणी करून आधुनिकता येणार नाही. त्यांची सावधगिरी समजण्यासारखी आहे. परंतु मुले मकतबात जातात, ही वस्तुस्थिती आहे. तिच्याकडे पाठ फिरवल्याने ती बदलत नाही, फक्त नजरेआड होते. उलट बाजूचे लोक म्हणतील की, बाहेरच्यांचा हस्तक्षेप आम्हास नको. अनुच्छेद ३० ने आम्हास आमच्या संस्था चालवण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार निर्विवाद आहे. परंतु अधिकार संस्थाचालकांचा असला, तरी अमानत मुलांची आहे. आणि ठेव ज्याची, त्याच्या हिताचा विचार प्रथम करावा, असे त्यांचाच धर्म त्यांना सांगतो.

बहुसंख्याक समाजातील शिक्षकांवरही एक जबाबदारी येते. टोपी घालून आलेले मूल दिसताच ‘हा मदरशातला’ असा शिक्का न मारणे, रमजानमध्ये पहाटे उठलेल्या पोराला दुपारी पेंग आली तर समजून घेणे, सकाळी मकतबात काय शिकलास असे त्याला कौतुकाने विचारणे, यांस खर्च लागत नाही. ज्या शाळेत असा प्रश्न विचारला जातो, तेथे मुलाला आपले अर्धे आयुष्य दाराबाहेर ठेवून आत यावे लागत नाही.

बगदादच्या निझामिया विद्यालयाचे प्राचार्यपद, त्या काळातील विद्वत्तेचे सर्वोच्च आसन, गझालींनी १०९५ मध्ये सोडले. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी की मानसन्मानासाठी, असे त्यांनी स्वतःला विचारले होते आणि मिळालेले उत्तर त्यांना सोसले नव्हते. प्रत्येक मुख्याध्यापकाने, मौलवीने आणि संस्थाचालकाने पद सोडावे असे कोणी म्हणणार नाही. तो प्रश्न मात्र त्यांनी स्वतःला अवश्य विचारावा. त्याचे प्रामाणिक उत्तर ज्यांच्याकडे असेल, त्या दोघांना एकमेकांच्या दारी जाण्यात कमीपणा वाटणार नाही.